पुलाच्या अलीकडे

आत्या: हळू बोल. तुझ्या मोठ्या आत्याचा आत्ता कुठे डोळा लागलाय.

भाचा: मी अजून काहीच बोललो नाही, आत्या.

आत्या: मग खुर्ची तरी हळू ओढ. आणि त्या कापडावर कोपर टेकू नकोस, खडूच्या खुणा पुसतील, उद्या कापायचंय ते. हं, हा लॅपटॉप घे आणि बघ, तुझ्या त्या पट्टीला काय झालंय.

भाचा: कुठली पट्टी?

आत्या: नकाशाच्या कडेला बटणांची पट्टी लावून दिली नव्हतीस का? मोठी अंथरुणाला खिळली तेव्हा. तीन वर्षं झाली. एका नकाशावरून दुसऱ्यावर जायची.

भाचा: ती स्क्रिप्ट, माझा तो छोटा प्रोग्राम? ती तुम्ही अजून वापरता?

आत्या: रोज. तीन ते साडेचार.

भाचा: अगं, ती मी कॉलेजात असताना लिहिली होती, गंमत म्हणून. एखादी जागा या कंपनीच्या नकाशावर बघतोय, तीच त्या कंपनीच्या नकाशावर कशी दिसते ते बघायला, बस्स. मला वाटलं, तुम्ही दोन दिवस खेळाल आणि सोडून द्याल.

आत्या: आम्ही खेळत नाही. चालतो.

भाचा: म्हणजे?

आत्या: फिरायला जातो दोघी. रस्त्याचे फोटो असतात ना, बाण दाबला की चार पावलं पुढे. मी बाण दाबते, मोठी उशीला टेकून बघते. तीन वर्षांपूर्वी आपल्याच फाटकातून निघालो. समुद्राकडे.

भाचा: समुद्राकडे? केवढा लांब आहे तो.

आत्या: होता. वळसे घेत घेत आता सत्तर किलोमीटर राहिलाय.

भाचा: पण समुद्रच बघायचा तर नाव टाकायचं, एंटर दाबायचं. दोन सेकंदांचं काम.

आत्या: हे तिला सांगून बघ. तीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचलेत तिनं, पायी. कुत्रं सोडलेलं असो, जिना अंधारा असो, एक घर गाळलं नाही. आता पाय गेले, पण खोड कुठे जाणार? एक बाण गाळू देत नाही. माझ्याकडून चुकून दोनदा दाबला गेला तर म्हणते, मागे घे, एक फाटक राहिलं.

भाचा: मग पट्टी कशाला लागते?

आत्या: पिवळ्या बटणाच्या नकाशाची फोटो काढणारी गाडी सगळ्याच रस्त्यांनी गेलेली नसते ना. चालता चालता फोटो संपतात. मग पट्टीवरचं बटण दाबायचं, की निळा नकाशा उघडतो, बरोबर त्याच जागी. निळ्याचे संपले की परत पिवळा. दोघांचेही नसले तर तो तिसरा आहे, लोकांनी हातानं काढलेला. त्यात फोटो नाहीत, नुसती रेघ. त्या दिवशी मोठी डोळे मिटून चालते.

भाचा: डोळे मिटून?

आत्या: म्हणते, इथे दोन्ही अंगांना झाडी असणार. मी म्हणते, आहे. म्हणते, उजवीकडे पाणी वाजतंय. मी म्हणते, वाजतंय. काय सांगू तुला, कधीकधी मलाही ऐकू येतं. मग खाली मशीनवर जाऊन बसले तरी तासभर हात चालत नाही.

भाचा: आणि फोटो जुळतात एकमेकांशी?

आत्या: कुठले जुळतात. पिवळ्यात झाड बोडकं, बटण दाबलं की निळ्यात तेच झाड पानांनी लगडलेलं. एक घर होतं, पिवळ्यात रंगवून झालेलं, निळ्यात नुसता विटांचा ढीग. मोठी म्हणाली, चल, दोघी दोन वर्षांनी तरुण झालो.

भाचा: वेगवेगळ्या वर्षांत काढलेले असतात ते.

आत्या: ते कळतं रे मला. शिवणकाम करते, खुळी नाही. तर आता ऐक. चार आठवडे झाले, आम्ही एका पुलाशी अडकून पडलोय. चांगला लांबलचक पूल आहे नदीवर. पिवळ्याची गाडी तोंडाशी आली आणि काय मनात आलं कोण जाणे, मागे वळली. निळ्याचं बटण दाबलं तर तो उघडतो, पण अख्खी पृथ्वी दाखवतो. पूल मागावा तर मेला पृथ्वी देतो. आणि त्या तिसऱ्यात हा पूल कुणी काढलेलाच नाही.

भाचा: चार आठवडे.

आत्या: मी आपली माझ्या हातानं शोधायला गेले. नदीला धरून धरून, तासभर. एक पूल सापडला. मोठीनं बघितलं न बघितलं आणि म्हणाली, हा तो नव्हे, याचे कठडे लोखंडी आहेत. तेव्हापासून रोज तीन वाजता आम्ही त्या पुलाच्या अलीकडे जाऊन उभ्या राहतो आणि साडेचारला परत येतो. 

भाचा: मी आता त्या निळ्या नकाशाच्या कंपनीतच नोकरीला आहे, आत्या.

आत्या: माहितेय की. म्हणून तर बोलावलं. घरचाच माणूस आत आहे म्हटल्यावर चिंता कसली?

भाचा: ऐक ना. ही वरची पत्त्याची ओळ दिसते? हिच्यात जागेचे दोन आकडे असतात. एक किती वर-खाली ते सांगतो, दुसरा किती आडवं ते. स्क्रिप्ट इथले आकडे उचलते आणि दुसऱ्या नकाशाच्या ओळीत नेऊन बसवते. निळ्यानं आपली ओळ बदलली. नव्या पद्धतीची केली. त्यामुळे जुने आकडे तिथे बसत नाहीत.

आत्या: हा उद्योग कुणी केला?

भाचा: आम्ही. म्हणजे... मीच. ते काम माझ्याकडे होतं.

आत्या: आणि पट्टी बंद पडेल हे तुला ठाऊक होतं?

भाचा: हो.

आत्या: बरं.

भाचा: मी किती जण वापरतात ते बघितलं होतं. सगळ्या जगात मिळून एकशे चाळीस. म्हटलं, कोण असणार ही एकशे चाळीस माणसं? दोन दिवस चरफडतील, मग दुसरं काहीतरी शोधतील.

आत्या: आम्हाला एकच मोजलं असेल ना त्यात? लॅपटॉप एकच आहे.

भाचा: हो. एकच.

आत्या: असू दे. आता कर दुरुस्त.

भाचा: तेच तर करता येत नाही. नोकरीला लागताना सही करून दिलीये. माणसं इथून दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर जातील, किंवा तिथून इथे येतील, असलं काही बाहेर लिहायचं नाही आणि आधी लिहिलेलं असेल तर त्याला हात लावायचा नाही. सापडलो तर दुसऱ्या दिवशी घरी.

आत्या: आपल्याच आत्यांसाठी केलं तरी?

भाचा: तसं कुठे वेगळं लिहिलेलं नाही.

आत्या: हे बघ, मी उगाच गळ घालत नाही. डॉक्टर आधी तीन-तीन महिन्यांची औषधं लिहून द्यायचे. या खेपेला एकाच महिन्याची दिलीत. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, पुढचं पुढे बघू. सत्तर किलोमीटर आहेत, रोज दोन-अडीच होतात, आणि आधीच चार आठवडे तुझ्या त्या ओळीनं खाल्ले.

भाचा: मला हे कुणीच सांगितलं नाही.

आत्या: सांगायला तू आलास कधी? आता मी काय म्हणते ते ऐक आणि तोंड वाकडं करू नकोस. दुरुस्त करताना असं काही करता येईल का, की बटण दाबलं की थोडं पुढे जाऊन पडायचं? पन्नासेक किलोमीटर. तिला कळायचं नाही. पूल ओलांडला, पलीकडे रस्ता लागला, आणि आठ-दहा दिवसांत समुद्र.

भाचा: तिला कळणार नाही असं तुला खरंच वाटतं?

आत्या: नाही वाटत. पण तिचा समुद्र राहिला तर मी कुठे जाऊन सांगू?

थोरली (आतल्या खोलीतून): कोण आलंय गं? आत आण त्याला. जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घेत होता, म्हणजे तोच असणार.

(दोघं आतल्या खोलीत येतात.)

भाचा: तू जागी होतीस, मोठ्या आत्या?

थोरली: अर्धीमुर्धी. बस. पलंगावर बस, खुर्चीवर तिची टाचणी-उशी आहे. बारीक झालास.

भाचा: नाही गं, तेवढाच आहे.

थोरली: मग मोठा झालास. काहीतरी झालंय. तीन वाजले का?

आत्या: पाच मिनिटं आहेत.

थोरली: मग सांग त्याला, उशी वर सरकवायला. तुझे हात लागले की मान अवघडते माझी. हां. आता दिसतं. तू आमच्याबरोबर आला नव्हतास ना कधी? लोक बघशील आज. सगळ्यांची तोंडं पुसलेली असतात.

भाचा: ती मुद्दाम धूसर करतात, कुणाची ओळख पटू नये म्हणून.

थोरली: स्वप्नात पण तसंच असतं. तोंड दिसत नाही, पण माणूस कोण ते कळतं. मागच्या वर्षी एका वळणावर एक बाई दारात उभी होती. पिवळ्यात. बटण दाबलं, निळ्यात तेच दार, पण बंद. मी हिला म्हटलं, बघ, आपण बाहेर थांबलो म्हणून आत गेली.

आत्या: अर्धा तास तिथेच. मी म्हटलं, अक्का, चल आता, मला दोन ब्लाउजांना हुक लावायचेत.

थोरली: तिला घाई फार. पट्टी झाली का रे दुरुस्त?

भाचा: मोठ्या आत्या, ती माझ्यामुळे मोडली. निळ्याची ओळ मी बदलली. मला माहीत होतं आणि तरी मी केलं.

थोरली: कामावर होतास?

भाचा: हो.

थोरली: कामावर माणसाला बरंच काही तोडावं लागतं. मी पण बिल थकलं म्हणून कित्येक घरांत अंधार करून आलेय. सांगितलं म्हणून केलं, आणि मग घरी येऊन जेवले नाही. तू जेवलास त्या दिवशी?

भाचा: आठवत नाही.

थोरली: मग जेवला असशील. असू दे.

भाचा: आता दुरुस्त करायला मला हात लावता येत नाही, सही आहे. पण एक होईल. आत्याला शिकवायचं नाही, असं त्या कागदावर कुठे नाही. आत्या, तू बस इथे. मी नुसतं सांगेन.

आत्या: मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

भाचा: जुना अंगरखा उसवून नव्या मापाचा करतेस ना? तेवढंच आहे. ते वरच्या कोपऱ्यातलं छोटं चित्र दाब. आता ‘बदल करा’. हे सगळं माझं लिखाण आहे, त्यातली फक्त एक ओळ बघायची. खाली ये. आणखी खाली. थांब.

आत्या: ही सगळी मुंगळ्यांची रांग तू लिहिलीस?

भाचा: एकोणीस वर्षांचा होतो. आता ही ओळ बघ, निळ्याचा जुना पत्ता. यातलं प्रश्नचिन्हापासून पुढचं खोड. आणि मी एकेक अक्षर सांगतो तसं घाल.

थोरली: चष्मा लाव आधी. नाहीतर दहादा उसवशील.

आत्या: लावलाय. सांग.

भाचा: तिरकी रेघ. आता ‘अॅट’चं चिन्ह, दोनच्या बटणावर असतं ते. शिफ्ट धरून. हां. आता हे दोन तुकडे, यांच्या जागी ते आकडे येऊन बसतात, ते तसेच राहू देत, आणि...

थोरली: तीन वाजून गेले.

आत्या: झालं, झालं. जतन करते. पिवळा उघडला, हा बघ पूल, आणि हे बटण.

भाचा: आत्या, थांब, अजून एक...

थोरली: हे काय?

आत्या: अगंबाई.

थोरली: सगळं निळं आहे. कडेपर्यंत.

आत्या: समुद्र आहे, अक्का.

थोरली: समुद्र?

आत्या: हो. पोचलो बघ.

थोरली: रस्ता नाही दिसत कुठे.

आत्या: समुद्रात रस्ता कुठून येणार?

थोरली: पूल?

आत्या: पूल झाला.

थोरली: मग मला झोप लागली होती.

आत्या: थोडी लागली असेल.

थोरली: थोडी कशी? पूल गेला. पलीकडचे सत्तर किलोमीटर गेले. महिनाभर झोपले असणार मी. तू एकटीच चालत होतीस?

आत्या: अक्का...

थोरली: मला उठवायचं नाहीस का? एकटीनं आणलंस इथवर. पाठ मोडली असेल तुझी. आधीच मशीनवर वाकून वाकून तुझी पाठ...

आत्या: नाही गं. नाही चालले मी. खोटं बोलले. आपण कुठेही पोचलेलो नाही, आणि तू झोपलीही नव्हतीस. हे मी काहीतरी चुकवून ठेवलंय. हा कुठला समुद्र आहे तेसुद्धा मला माहीत नाही.

भाचा: तिची चूक नाही, मी सांगायला उशीर केला. नव्या ओळीत आकडे उलट्या क्रमानं जातात. आधी आडवा, मग उभा. तेवढं करायचं राहिलं, म्हणून पूल भलतीकडेच, भर समुद्रात जाऊन पडला.

थोरली: खोटं का बोललीस?

आत्या: समोर आलाच होता, म्हटलं बघून घेऊ दे.

थोरली: का?

आत्या: औषधं एकाच महिन्याची दिलीत.

थोरली: ती चिठ्ठी मी वाचलीये. तू पिशवीत खाली दडपून ठेवली होतीस, पण घरी येणाऱ्या नर्सनं माझ्या हातात दिली. तीस वर्षांत आकडा वाचायला चुकले नाही, तो कसा चुकेन?

आत्या: आणि बोलली नाहीस.

थोरली: तू तरी कुठे बोललीस?

आत्या: मला भीती वाटत होती. अजून वाटते. रोज पुलाशी जाऊन उभं राहायचं आणि मनात दिवस मोजायचे. तुझा समुद्र राहिला तर मला जन्मभर खात राहील ते.

थोरली: समुद्राचं तू का एवढं मनावर घेतलंस?

आत्या: तूच म्हणालीस. पहिल्या दिवशी मी विचारलं, कुठे जायचं, तर तू म्हणालीस, समुद्राकडे.

थोरली: काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं. लांबचं म्हणून सांगितलं. जवळचं सांगितलं असतं तर आठवडाभरात संपलं असतं आणि तू परत मशीनवर.

आत्या: एवढ्यासाठी?

थोरली: चाळीस वर्षं या घरात आहोत. सकाळी मी बाहेर पडायचे तेव्हा तू झोपलेली, आणि परत यायचे तेव्हा तुझी मशीन चालू. जेवताना काय बोलायचो आपण? मीठ दे, पाणी दे. तू काय बघतेस, कशाला हसतेस, मला काही माहीत नव्हतं. तुला कुत्र्यांची एवढी भीती वाटते हे मला फोटोतलं कुत्रं बघून कळलं. मला तुझ्याबरोबर चालायचं होतं. ते चाललंय.

आत्या: आणि समुद्र?

थोरली: लागला तर लागला. नाहीतर तू जाशील पुढे आणि मला सांगशील.

आत्या: मी एकटी नाही जायची.

थोरली: मग याला घेऊन जा. गुरुवारी सुट्टी असते ना रे तुला?

भाचा: असते. येईन. आणि त्या बाकीच्या एकशे एकोणचाळीस जणांचंही काहीतरी बघतो. ती पट्टी मला चालवता येत नसेल, तर ज्याला येईल त्याला देऊन टाकतो.

थोरली: ते तुझं तू बघ. नोकरी सांभाळून बघ. आधी हिला सांग, त्या आकड्यांचं काय करायचं.

भाचा: आत्या, तीच ओळ परत उघड. आकड्यांच्या जागेचा पहिला तुकडा उचल आणि दुसऱ्याच्या नंतर ठेव. मधला स्वल्पविराम आहे तिथेच राहू दे.

आत्या: हा असा?

भाचा: असाच. जतन कर. पिवळ्यावर जा. पुलाशी उभ्या आहात ना? आता दाब.

आत्या: तू दाब, अक्का. मघाशी मी चुकवलं.

थोरली: दे इकडे. हं. बघ, दगडी कठडे. तोच आहे. इकडे ऊन होतं, इथे ढग आलेत.

आत्या: पलीकडचं टोक धुक्यात आहे. दिसत नाही.

थोरली: राहू दे. तो माणूस बघ, सायकल हातात धरून चाललाय. त्यालाही घाई नाही.

आत्या: बाण दाबू?

थोरली: दाब. सावकाश. आणि ऐक, आज अर्धाच पूल करू.